बाळाचे अंथरूण बोटीवर

लहान बाळाला घेऊन प्रवासाची तयारी सुरू झाली, की घरात पहिली चर्चा होते ती खाण्याची. नाचणीचे सत्त्व किती न्यायचे, दूध कोठे मिळेल, पाणी उकळून घ्यायचे की बाटलीतले चालेल. त्यानंतर कपडे, लंगोट, औषधे. बाळ झोपणार कोठे, हा प्रश्न मात्र बहुधा मुक्कामाची खोली उघडल्यावर पुढे येतो. तोवर सर्वजण दमलेले असतात, बाळ रडत असते आणि जी जागा समोर दिसेल ती चालवून घेतली जाते. वास्तविक चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसातल्या लहान झोपा धरून १२ ते १६ तास झोपेची गरज असते. म्हणजे आपण ज्याला सहल म्हणतो, तिचा निम्म्याहून अधिक काळ बाळ अंथरुणातच घालवणार असते. म्हणून त्या अंथरुणाचा विचार खाऊच्या डब्याआधी व्हायला हवा.

मुक्काम ही गोष्ट आपल्या नातेपुत्याला नवी नाही. दरवर्षी आषाढीपूर्वी ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम आपल्याकडे पडतो. त्या रात्री गावात तान्ह्या बाळांसह आलेल्या आयाही असतात. कोणी राहुटीत, कोणी शाळेच्या वऱ्हांड्यात, कोणी ट्रकखाली झोळी बांधून. थंडीच्या दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तेव्हा त्यांच्या कोपीत आणि बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत बाळे झोपलेली दिसतात. परक्या जागी बाळाला निजवण्याचा अनुभव आपल्या भागातल्या आयांइतका क्वचितच कोणाला असेल.

अलीकडे मात्र या मुक्कामांच्या यादीत एका नव्या जागेची भर पडली आहे. २०१८ साली ‘आंग्रिया’ ही पर्यटक बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. २०२१च्या सप्टेंबरमध्ये ‘कॉर्डेलिया’ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही अनेक मजल्यांची बोट मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागली. पूर्वी ‘क्रूझ’ म्हटले की परदेश आठवे. आता आपल्या तालुक्यातली कुटुंबेही सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता करून मुंबई गाठतात आणि तीन-चार दिवसांची समुद्रसफर करून परततात. आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि मुले असा सगळा परिवार निघतो आणि त्यात एखादे तान्हे बाळही असते.

असेच एक कुटुंब सात महिन्यांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले होते. आईवडिलांना बोट लागू नये म्हणून बाळासाठी औषध हवे होते. आजींचा प्रश्न वेगळा होता. “बोटीत झोळी बांधाय आढं असतंय का, डॉक्टर?” मुलगा आणि सून हसली, पण औषधापेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे मी त्यांना सांगितले. बोटीत आढे नसते. मग झोळीची सवय असलेले बाळ तेथे कशात झोपणार? आजचा लेख या प्रश्नाचे उत्तर आहे.

नियम एकच

बोट असो वा घर, एक वर्षापर्यंतच्या बाळाच्या झोपेचा नियम एकच आहे. बाळाला प्रत्येक झोपेला पाठीवर निजवावे. त्याखालची गादी सपाट आणि घट्ट असावी. हाताने दाबली असता खड्डा पडू नये. बाळाभोवती उशी, लोड, जाड दुलई, मऊ खेळणी यांपैकी काहीही नसावे. बाळाची जागा स्वतंत्र असावी, पण आईच्या हाताच्या अंतरावर, त्याच खोलीत असावी.

हा नियम फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बरीच वर्षे पाश्चात्त्य देशांत बाळाला पोटावर झोपवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. निरोगी दिसणारी बाळे रात्री झोपेतच दगावत आणि शवविच्छेदनातही कारण सापडत नसे. अशा मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा पोटावर झोपवण्याशी त्यांचा संबंध ठळकपणे दिसला. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला पाठीवर झोपवा’ अशी मोहीम उघडली गेली. पुढच्या काही वर्षांत दोन्ही देशांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्यासाठी ना लस लागली, ना यंत्र. बाळाची कूस तेवढी बदलली.

कारण समजून घेतले तर नियम लक्षात राहतो. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान दुबळी असते. तोंड मऊ गादीत किंवा उशीत रुतले, की बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहते. प्राणवायू कमी पडू लागला की मोठा माणूस दचकून जागा होतो, कूस बदलतो. काही बाळांत ही दचकून जागे होण्याची क्षमता अजून पुरती तयार झालेली नसते. पहिल्या सहा महिन्यांत, त्यातही एक ते चार महिन्यांच्या दरम्यान, हा धोका सर्वाधिक असतो. नंतर तो कमी होतो, पण वेगळा धोका पुढे येतो. बाळ लोळू लागते, सरकू लागते, आणि गादी व भिंत यांच्यामधल्या फटीत किंवा जवळच ठेवलेल्या उशीत जाऊन अडकू शकते.

पाठीवर झोपलेले बाळ दूध उलटले तर गुदमरेल, ही भीती अनेक आज्या बोलून दाखवतात. प्रत्यक्षात बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका खालच्या बाजूला येते. वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरण्यासाठी त्याला चढावे लागते. उलट बाळ पोटावर असताना श्वासनलिकाच खाली येते. निरोगी बाळ पाठीवर असताना गिळून किंवा खोकून घसा मोकळा करते. बाळ दोन्ही बाजूंना आपले आपण वळू लागले असेल, तर निजवताना पाठीवर निजवावे. नंतर झोपेत ते वळले तर रात्रभर त्याला सरळ करत बसण्याची गरज नाही.

बोटीची खोली

आता हा नियम बोटीच्या खोलीत कसा पाळायचा ते पाहू. तिकीट काढण्यापूर्वी पहिली चौकशी बाळाच्या वयाची करावी. अनेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला बोटीवर घेत नाहीत आणि सलग काही दिवस किनारा न लागणाऱ्या प्रवासासाठी बारा महिने पूर्ण असण्याची अट घालतात. ही अट जाचक वाटू नये. बोटीवर डॉक्टर असतो. पण तान्ह्या बाळाचा अतिदक्षता विभाग नसतो आणि भर समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर नेण्यास वेळ लागतो. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा नुकतेच आजारातून उठलेले बाळ असेल, तर अट पूर्ण होत असली तरी सहल पुढे ढकलावी.

दुसरी चौकशी बाळाच्या खाटेची. बहुतेक मोठ्या बोटींवर बाळासाठी घडीचा पाळणा किंवा जाळीची खाट मिळते, पण त्यांची संख्या मर्यादित असते. तिकीट काढतानाच ती मागून घ्यावी आणि मिळाल्याची लेखी नोंद घ्यावी. तान्हे बाळही खोलीच्या प्रवासीसंख्येत मोजले जाते, कारण जीवरक्षक नावेतल्या जागा माणसागणिक ठरलेल्या असतात. ‘बाळच तर आहे, कुठेही मावेल’ हा लग्नाच्या बसमधला हिशेब येथे चालत नाही.

खोली लहान असते. दोन एकेरी पलंग जोडून एक केलेला, भिंतीतून खाली ओढायचा वरचा पलंग, एक सोफा, आणि मध्ये जेमतेम चालण्यापुरती जागा. यांपैकी कोणतीही जागा बाळासाठी नाही. जोडलेल्या पलंगांच्या मध्ये फट असते आणि बोट हलली की ती रुंदावते. पलंग व भिंत यांच्यामध्येही फट असते. ‘भिंतीकडे टाकले म्हणजे पडणार नाही’ हा आपला नेहमीचा उपाय याच फटीमुळे धोक्याचा ठरतो. बाळ पडत नाही, पण अडकते. वरचा पलंग सहा वर्षांखालच्या मुलालाही देऊ नये. सोफा सर्वांत वाईट. त्याच्या मऊ बैठकीत आणि पाठीच्या खोबणीत बाळाचे तोंड रुतते. मोठे माणूस बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर झोपी जाणे हा तर झोपेतील अपघातांचा सर्वांत धोकादायक प्रकार मानला जातो.

घडीची खाट खोलीत आली की ती पाच मिनिटे नीट तपासावी. चारही कडा पक्क्या अडकल्या आहेत का, जाळी फाटलेली आहे का, गादी कडेला घट्ट बसते का. गादी आणि कड यांच्यामध्ये दोन बोटे शिरत असतील, तर ती खाट बदलून मागावी. गादी टणक वाटते म्हणून वर दुसरी दुलई घालू नये. टणक असणे हाच तिचा गुण आहे. खाट पडद्याच्या दोऱ्या, फोनची तार आणि कपाट यांपासून दूर, जमिनीवर स्थिर ठेवावी. बोट डोलली तर घसरून किंवा कोसळून येईल अशी बॅग तिच्याजवळ ठेवू नये. पर्याय असेल तर खोली बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. सज्जा असलेल्या खोलीत रांगते-चालते मूल असेल, तर सज्जाचे दार कुलूपबंद ठेवावे आणि त्याच्या कठड्याजवळ खुर्ची राहू देऊ नये.

काही कारणाने खाट मिळालीच नाही, तर पलंगाऐवजी जमीन बरी. घरची पातळ, घट्ट शिवलेली गोधडी चौघडी करून भिंती व सामानापासून दूर अंथरावी आणि वर चादर ताणून कडा खाली खोचाव्यात. रात्री उठणाऱ्याचा पाय पडणार नाही अशी जागा निवडून मंद दिवा ठेवावा. बाळाला परकी जागा वाटू नये म्हणून आईच्या जुन्या सुती साडीची चादर करून न्यावी. ओळखीचा वास बाळाला शांत करतो. मात्र ती गादीवर ताणलेली असावी. बाळाच्या हाताशी सुटा पदर राहू नये.

झोळी, राईची उशी, काळा दोरा

झोळीत बाळ लवकर झोपते हे खरे. शेतात, कोपीत, वारीत विंचूकाट्यापासून आणि ओलीपासून तिने बाळांना वर उचलून धरले आहे, म्हणून मी तिची थट्टा करणार नाही. परंतु झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका मुडपते. कापड तोंडावर आले तरी बाहेरून दिसत नाही. तेव्हा झोळी वापरायची तर जागे माणूस शेजारी असताना वापरावी आणि बाळ झोपले की त्याला सपाट अंथरुणावर घ्यावे. बाळ उठून बसू लागले की झोळी बंद करावी. बाळ बाहेर झुकते, दोरी मानेशी येते. मोटारीतल्या बाळाच्या आसनाचेही असेच आहे. नातेपुते ते मुंबई या प्रवासात बाळाने त्या आसनात बसणे योग्य आहे, परंतु धक्क्यावर पोहोचल्यावर ‘छान झोपलंय, राहू दे’ म्हणून त्याच आसनात रात्र काढू देऊ नये. वाटेत दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर घ्यावे.

झोळीची सवय बोटीवर एका रात्रीत सुटत नाही. म्हणून निघण्यापूर्वी दहा-बारा दिवस घरीच सराव करावा. आधी दुपारची झोप सपाट अंथरुणावर, मग रात्रीची. बाळ पेंगुळले पण अजून जागे असताना त्याला खाली ठेवावे, हलके थोपटावे, अंगाई म्हणावी. पहिले तीन-चार दिवस रडणे होईल. तो त्रास घरात सोसावा. तोच बोटीच्या पातळ भिंतींच्या खोलीत शेजाऱ्यांसह सोसणे अधिक अवघड जाते.

डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी राईची उशी प्रवासात नेऊ नये. खरे तर घरीही झोपताना देऊ नये. बाळ जागे असताना समोर बसून त्याला दिवसातून काही वेळा पालथे खेळवले, की डोके आपोआप आकार घेते आणि मानही बळकट होते. बाजारात मच्छरदाणीसह मिळणाऱ्या मऊ गाद्यांना उशी आणि दोन लोड जोडलेले असतात. ते काढून टाकावेत. गळ्यातला काळा दोरा, ताईत किंवा साखळी झोपताना उतरवून ठेवावी. श्रद्धेने बांधायचे असेल तर बाळाच्या कपड्याला आतून शिवून घ्यावे, गळ्यात नको.

आईची कूस

येथे अनेक वाचक मनातल्या मनात म्हणतील, की आमच्याकडे बाळ आईच्या कुशीतच झोपते. खरे आहे, आपल्याकडची बहुतेक बाळे तशीच वाढली. आई जवळ असावी, रात्री पाजणे सुलभ व्हावे, यात गैर काही नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली आपल्या शिफारशी सुधारून प्रसिद्ध केल्या. त्यांतही बाळाने आईवडिलांच्या खोलीतच, पण स्वतंत्र अंथरुणावर झोपावे असे म्हटले आहे. पाजता पाजता आईला डुलकी लागण्याची शक्यता असेल, तर सोफ्यापेक्षा उशा-पांघरुणे दूर केलेला पलंग कमी धोक्याचा, हेही त्यांत स्पष्ट केले आहे. जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवावे.

घरातला कठीण, जमिनीवरचा बिछाना आणि बोटीवरची जाड, मऊ गादी यांत मात्र फार फरक आहे. सहलीत आणखी काही गोष्टींची भर पडते. दिवसभर फिरून आईवडील थकलेले असतात. बोट लागू नये म्हणून कोणी गोळी घेतलेली असते. ‘एवोमिन’सारख्या गोळीने गुंगी येते आणि कुशीतले बाळ दबले तरी जाग येत नाही. बोटीवर मद्यही सहज मिळते. त्यामुळे एक गोष्ट मी दवाखान्यात स्पष्टपणे सांगतो. ज्याने त्या दिवशी मद्य घेतले आहे, गुंगीचे औषध घेतले आहे किंवा जो धूम्रपान करतो, त्याच्या अंथरुणात बाळ क्षणभरही झोपता कामा नये. चार महिन्यांखालच्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला कोणाच्याच अंथरुणात घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईने बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

झोपेचे औषध नको

आता त्या आईवडिलांचा प्रश्न. दोन वर्षांखालच्या बाळांना बोट किंवा गाडी लागण्याचा त्रास सहसा होत नाही. त्यामुळे औषधाची गरज बहुधा नसतेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या कामासाठी मोठी माणसे घेतात ते प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालच्या मुलाला देण्यास मनाई आहे. त्याने बाळाचा श्वास मंदावून थांबू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली याबाबत कडक इशारा दिला. तरीही ‘प्रवासात शांत झोपेल’ म्हणून सर्दीचे किंवा खोकल्याचे गुंगी आणणारे पातळ औषध अर्धा चमचा पाजणारे पालक भेटतात. असे करू नये. औषधाने आलेली गुंगी म्हणजे झोप नव्हे. या गुंगीत दचकून जागे होण्याची क्षमता, जिच्यावर बाळाचा जीव अवलंबून असतो, तीच मंदावते.

या सवयीचा आपल्याकडे दुःखद इतिहास आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया बाळाला अफूची ‘बाळगोळी’ देऊन कामावर जात, हे तेव्हाच्या सरकारी पाहणीत नोंदलेले आहे. त्या आया निष्ठुर नव्हत्या. त्यांना बारा-बारा तास दूर राहावे लागे आणि बाळाला पाहायला कोणी नसे. आपण सहलीला निघालो आहोत आणि सोबत चार माणसे आहेत. आपल्याला तसे करण्याचे काही कारण नाही.

थंडी, उजेड, आवाज

बोटीच्या खोलीत वातानुकूलन जोराचे असते आणि आज्या बाळाला कुंची, मोजे, स्वेटर आणि वर दुलई असे सर्व चढवतात. अति उष्णतेनेही झोपेतल्या मृत्यूचा धोका वाढतो. तापमान २४ ते २६ अंशांच्या आसपास ठेवावे, झोत बाळावर येऊ देऊ नये आणि आपल्या अंगावर आहेत त्यापेक्षा फार तर एक कपडा जास्त घालावा. झोपताना टोपडे काढावे. बाळ बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकते. मान किंवा छाती घामेजली असेल तर कपडे जास्त झाले आहेत. हातपाय थोडे गार लागणे साधारण आहे. पांघरुणाऐवजी पायापर्यंतचा जाडसर अंगरखा बरा. दुपट्यात बांधण्याची सवय असेल, तर बाळ वळण्याची खटपट करू लागताच, साधारण तीन-चार महिन्यांनी, ती थांबवावी.

खिडकी नसलेल्या खोलीत दिवस-रात्र सारखाच काळोख असतो. अशाने बाळाचे घड्याळ बिघडते. सकाळी ठरल्या वेळी त्याला डेकवर कोवळ्या उजेडात न्यावे आणि रात्री ठरल्या वेळी खोलीत आणावे. इंजिनाची एकसुरी घरघर बाळांना बहुधा झोपवतेच. नाट्यगृह आणि संगीताच्या दालनालगतची खोली मात्र टाळावी. झोपेआधीचा क्रम घरचाच ठेवावा. अंग पुसणे, मालीश, दूध, अंगाई, त्याच क्रमाने. जागा बदलली तरी क्रम ओळखीचा असला, की बाळाला झोपेची चाहूल लागते.

रात्रीची पाळी

झोपलेल्या बाळाला खोलीत एकटे ठेवून जेवायला किंवा कार्यक्रमाला जाऊ नये. खोलीत एक फोन सुरू ठेवून दुसऱ्यावर ऐकत बसणे हा पहारा नव्हे. लोखंडी भिंतींत आणि भर समुद्रात जोडणी केव्हाही तुटते. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथे होतो. कोण कोणत्या रात्री लवकर परतणार, आजी कोणत्या खोलीत झोपणार, याची पाळी निघण्यापूर्वीच लावावी. सगळा भार बाळाच्या आईवर पडला, तर तिच्यासाठी ती सहल होत नाही आणि दमलेली आई हाच बाळाच्या झोपेतला एक धोका ठरतो.

बोट निघताना सर्व प्रवाशांना आपत्तीची रंगीत तालीम करावी लागते. ती बाळाच्या झोपेच्या वेळी आली तरी चुकवू नये. चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळाच्या प्रवासात प्रत्येक बाळासाठी त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट बोटीवर असणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. खोलीत शिरताच ते मागून घ्यावे, बाळाला एकदा घालून पाहावे आणि खाटेजवळ टांगून ठेवावे. खाटेत ठेवू नये आणि ते घालून बाळाला झोपवूही नये. मध्यरात्री घंटा झाली तर बाळाला कोणी उचलायचे, जाकीट कोणी घ्यायचे, हे पतिपत्नींनी पहिल्याच संध्याकाळी ठरवावे.

निघण्यापूर्वी

• बाळाच्या वयाची अट आणि घडीच्या खाटेची नोंद लेखी करून घ्या.
• दहा-बारा दिवस आधी सपाट अंथरुणाचा सराव सुरू करा.
• दोन ताणून बसणाऱ्या चादरी, पातळ गोधडी, पायापर्यंतचे दोन अंगरखे बरोबर घ्या. उशी घेऊ नका.
• तापाचे औषध आणि जीवनजल बरोबर ठेवा. बाळाच्या वजनानुसार प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या.
• रात्रीच्या पाळ्या निघण्यापूर्वीच ठरवा.
• बाळाला श्वास घेताना त्रास होत असेल, ओठ निळसर दिसत असतील, ते दूध घेत नसेल किंवा सहज जागे होत नसेल, तर रात्र उलटण्याची वाट न पाहता बोटीच्या डॉक्टरांकडे जा.

क्रूझला जाणारी कुटुंबे आपल्या गावात थोडी आहेत, हे मला ठाऊक आहे. पण परक्या जागी रात्र काढावी लागत नाही असे बाळ नाही. मंगल कार्यालयाची खोली, इस्पितळात आजोबांच्या खाटेखालची सतरंजी, पंढरीच्या वाटेवरची राहुटी, फडावरची कोपी. या सर्व ठिकाणी पाठीवर, सपाट, मोकळे आणि आईजवळ, या चार गोष्टी करता येतात आणि त्यांना पैसा लागत नाही. पुढच्या आषाढात पालखी आपल्या गावी मुक्कामाला येईल तेव्हा एखादी माउली बाळाला निजवायला जागा शोधताना दिसली, तर तिला आपल्या ओसरीवरची सपाट, कोरडी जागा द्यावी आणि हा नियमही सांगावा.